काचेआडचा झगा

विनिपेग
१६ जुलै १९७९

स्लावका,

आईचा लग्नाचा झगा काचेच्या कपाटात लटकवायला देऊन टाकलास तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर होतं का? आणि दिलास तर दिलास, मला एका ओळीनं कळवावंसंही वाटलं नाही? जूनमध्ये तुझं पत्र आलं होतं. त्यात पाऊस होता, गव्हावरची कीड होती, तुझ्या पीटरच्या ट्रॅक्टरचा तुटलेला पट्टा होता. झगा नव्हता.

मला कसं कळलं ते ऐक. देशोदेशीच्या मंडपांच्या त्या मेळ्यासाठी चर्चच्या तळघरात आमचं पिरोही वळणं सुरू झालंय. नेहमीचंच, बटाटे उकडा, पारी लाटा, कडा दाबा आणि एकमेकींच्या सुनांना नावं ठेवा. काल प्रार्थना झाल्यावर हान्या म्हणाली, जुन्या शाळेच्या इमारतीत समुद्रापलीकडून आलेल्या आपल्या लोकांचं संग्रहालय उघडलंय, चला सगळ्याजणी. मी म्हटलं, माझ्याच घरातली रवी काचेमागे ठेवली तर मला त्यात काय नवं दिसणार? तरी ओढून नेलं मला.

दुसऱ्या खोलीत बाईएवढी एक बिनडोक्याची बाहुली उभी. तिच्या अंगावर आपल्या आईचा झगा.

मला वाटलं मला भास होतोय. जवळ जाऊन बघितलं. बाह्यांवर लाल-काळं भरतकाम, ते इतरही बायकांचं असतं म्हणा. पण गळ्याच्या चिरेखाली डावीकडे फाटून शिवलेलं आहे ना, पांढऱ्या दोऱ्यानं, लांबलचक? ते आणि कुणाचं असणार? लग्नाच्या दिवशी घोडागाडीत चढताना खिळ्याला अडकून फाटलेलं. बाबा प्रत्येक लग्नात त्सिम्बालीच्या तारांवर काठ्या मारून वाजवून झालं की काठ्या खाली ठेवून ती गोष्ट सांगायचे. ‘आमची नवरी एवढी घाईत होती की खिळ्यासाठीसुद्धा थांबली नाही!’ सगळं अंगण हसायचं. मी तर प्रत्येक वेळी हसायचे.

हान्या मागून म्हणते, "काय भरलंय गं! कुणाचा असेल?"

मी म्हटलं, "असेल कुणातरी मेलेलीचा."

जिवंत आईबद्दल माझ्या तोंडून असं निघालं. तेव्हापासून घास उतरत नाही.

आता तुला शिकवायला हवं का? बाई ज्यात लग्नाला उभी राहते त्यातच तिला पुरतात. पलीकडे नवऱ्याला ओळखू यावी म्हणून. आजी तशीच गेली, दोन्ही मावश्या तशाच गेल्या. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, ते तिथे वाट बघत उभे आहेत, आणि आई जाणार कशात? दुकानातल्या फ्रॉकात? ते म्हणतील, ही कोण इंग्रजीण आली इकडे.

फोनच करणार होते. पण तुमच्या त्या सामाईक लायनीवर अर्धा तालुका कान लावून बसलेला असतो, आणि फोन आईच्या खाटेशेजारी. म्हणून लिहितेय. आईला माहीत आहे का? लगेच लिही.

पारास्का


सिफ्टन
२२ जुलै १९७९

प्रिय ताई,

आमच्याकडे तीन दिवस झाले, ऊन चांगलं आहे. गवत कापून झालं, आता वाळायला टाकलंय. कांदे बरे आलेत. शेपू तर माझ्या कंबरेएवढा झालाय.

तुझं पत्र मी कोठारात जाऊन वाचलं.

ताई, रागावू नकोस. ती संग्रहालयातली मुलगी, डार्लीन, वसंतात इकडे घरोघर फिरत होती. जुनं काही असेल तर द्या म्हणत होती. मी आईची पेटी उघडली. वर तो निळा पोशाख होता, आईनं कॅटलॉगमधून मागवलेला, अजून खोक्यात, कागदासकट. मला वाटलं तोच तिनं जायच्या वेळेसाठी ठेवलाय. झगा अगदी तळाशी होता. वाटलं, जुना आहे, कसर लागून वाया जाईल. आई शेजारच्या खोलीत होती, म्हणाली, जे हवं ते दे तिला. मी दिला. एवढंच.

तू आईला याबद्दल काही विचारू नकोस. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, धक्का बसता कामा नये. जिना चढली की ओठ निळे पडतात. हिवाळा निघेल की नाही हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

आणि आता हे कसं सांगू तुला. तिला या वर्षी तुमच्या मेळ्याला यायचंय. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी संग्रहालयाची जाहिरात केली, तेव्हापासून तर तिनं धोसराच लावलाय. मी म्हटलं, आई, एवढा बसचा प्रवास. तर म्हणते, समुद्र ओलांडून आले ते काय तुझ्या मांडीवर बसून?

झगा तिथे बरा आहे, ताई. कोरडी जागा आहे. कुलूप आहे. राहू दे.

तुझी,
स्लावका


विनिपेग
२७ जुलै

स्लावका,

कांदे बरे आलेत! मला घास उतरत नाही आणि तुझे कांदे बरे आलेत!

निळा पोशाख काय, निळा पोशाख! आई कॅटलॉगमधला पोशाख घालून देवासमोर जाईल असं तुला खरंच वाटलं? जिनं आयुष्यात दुकानातला पाव घरात येऊ दिला नाही ती? तू तिच्याबरोबर राहतेस की नुसती तिच्या शेजारी जेवतेस? आणि ‘राहू दे’ म्हणजे काय? डॉक्टर हिवाळ्याचं बोलतात आणि तू ‘राहू दे’ म्हणतेस?

मी मंगळवारी गेले त्या डार्लीनकडे. पोरगी वाईट नाही. आजी आपल्यातली आहे तिची, पण आपली भाषा अशी बोलते जशी तोंडात गरम बटाटा धरलाय. मला खुर्ची दिली, चहा दिला. मी म्हटलं, चहा नको, झगा दे.

ती म्हणाली, "बाई, ज्यांनी दिला त्यांनी परत मागितला तर लगेच देईन. तुम्ही कोण?"

"ज्यांनी दिला ती माझी धाकटी बहीण. लहानपणी तिनं कोंबड्यांचं दार उघडं ठेवून सगळ्या कोंबड्याही कोल्ह्याला दिल्या होत्या. तिच्या देण्याला काही अर्थ नाही."

डार्लीन हसली. मी नाही हसले. मग तिनं विचारलं, "पण तुमच्या बहिणीनं तर फार नीट समजून दिला होता. का परत हवाय?"

नीट समजून म्हणे. मी काय सांगणार? आई मरायला टेकलीये आणि तिचे मरणाचे कपडे तुमच्या बाहुलीनं घातलेत, असं त्या पोरीला तोंडावर सांगायचं? नाही सांगितलं. उठून आले.

तेव्हा तू आता एवढंच कर. डार्लीनला दोन ओळी लिही की झगा ताईकडे द्या. दोन ओळी. हवामान लिहायची गरज नाही.

आणि आईला येऊ देऊ नकोस. डास फार झालेत म्हण. गर्दी म्हण. माझा नवरा आजारी आहे म्हण, वासिल तसाही आजारीच असल्यासारखा दिसतो. ती इथे आली आणि त्या दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहिली, स्वतःचे मरणाचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर बघितले, तर तिथेच कोसळेल. मी तिला कशी उचलू? आणि उचलली तर कशात गुंडाळू?

रोज सकाळी पत्रपेटीत हात घालते. उत्तर दे.

पारास्का


सिफ्टन
४ ऑगस्ट

प्रिय ताई,

गवत भरून झालं. पीटरच्या पाठीत उसण भरलीये म्हणून मला लिहायला उशीर झाला. डार्लीनला अजून लिहिणं झालं नाही.

आई ऐकत नाही. शुक्रवारी दहा तारखेच्या बसनं येतेय, चालकाला सांगून पुढच्या सीटवर बसवते. तिच्या पिशवीत गोळ्या आहेत, पांढऱ्या सकाळ-संध्याकाळ, आणि लहान बाटलीतली जिभेखाली ठेवायची, छातीत दुखलं तरच. मीठ कमी. ती सांगेल डॉक्टरांनी परवानगी दिलीये, दिलेली नाही.

ताई, अजून एक. मंडपात त्सिम्बाली वाजणार असेल तर आईला लांब बसव. तिला तो आवाज सोसत नाही आता.

आणि तिला जे बघायचंय ते बघू दे. तू मध्ये पडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून लिहितेय.

स्लावका


विनिपेग
१६ ऑगस्ट

स्लावका,

आई आली, आहे, चालतेफिरते आहे, आधी हे लिहिते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. माझा पडायचा आहे.

बसमधून उतरली ती चालकालाच आधार देत उतरली. मला म्हणाली, "जाड झालीस. बरं झालं." घरी येऊन चहा पिण्याआधी विचारलं, "संग्रहालय कधी?"

शनिवारी म्हटलं, बंद असतं. रविवारी मेळा सुरू झाला, म्हटलं आज मंडपात तूच हवीस. तिला रंगवलेल्या अंड्यांच्या टेबलाशी बसवली, मेण आणि सुई देऊन. लोकांची रांग लागली. मेळ्याचा तो खोटा पासपोर्ट घेऊन येतात ना सगळे, प्रत्येक मंडपाचा शिक्का मारून घ्यायला, ते आईसमोरही पासपोर्ट धरायला लागले. तिनं एकाच्या पासपोर्टवर मेणानं कोंबडा काढून दिला. मग सगळ्यांना कोंबडा हवा. सोमवारी वासिलनं तिला स्कॉटिश लोकांच्या मंडपात नेलं. तिथला घागरा नेसलेला ढोलवाला बघून सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढा मोठा बाप्या, याला कुणी विजार शिवून देत नाही का?" बरं, तिथे कुणाला समजलं नाही. मंगळवारी फिलिपिनो मंडपात दोनदा भात मागून घेतला.

मला वाटलं, विसरली. कुठली! रोज सकाळी डोक्याला रुमाल बांधून दाराशी तयार. "आज?" म्हणते. मी म्हणते, आज झाडलोट आहे. आज पाद्री बाहेरगावी गेलेत. आज पाऊस आहे. खोटं बोलून बोलून माझ्या जिभेला घट्टे पडले.

तू त्सिम्बालीचं लिहिलं होतंस, ते मी विसरले. कबूल. काल दुपारी आमच्या मंडपात तो दाढीवाला वादक आला, मांडीवर घेऊन वाजवायला बसला. तेच गाणं, बाबा शेवटी वाजवायचे ते. माझे डोळे भरून आले. वळून बघते तर आईची खुर्ची रिकामी! मेण तसंच, सुई तशीच, दिवा जळतोय. चर्चच्या मागे सापडली, कचऱ्याच्या डब्यांशी, भिंतीला हात टेकून उभी. ओठ निळे. मी म्हटलं, आई, बाबांची आठवण आली ना गं? म्हणाली, "आत धूर फार आहे." आत धूर नव्हता, स्लावका. एवढी हळवी झालीये ती त्यांच्यासाठी.

तेव्हाच मी ठरवलं. तुझ्या दोन ओळी येईपर्यंत आई जायची. आज सकाळी आईला हान्याजवळ बसवून मी संग्रहालयात गेले. पासपोर्टवाल्यांची बसच्या बस आत शिरलेली. मी त्या काचेसमोर उभी राहिले आणि डार्लीनला मोठ्यानं सांगितलं, इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं. की माझी आई अजून जिवंत आहे. की हे तिचे मरणाचे कपडे आहेत. की तिला यात पुरायचंय आणि तिचे दिवस थोडे आहेत. एका म्हातारबुवांनी टोपी काढली. डार्लीन बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. स्वतःच्या हातानं कपाट उघडलं, झगा पातळ कागदात गुंडाळून दिला. बहिणीशी बोलून पक्कं कळवा, तोवर तुमच्याकडे राहू द्या, म्हणाली.

झगा आता माझ्या घरात आहे. हिवाळ्याच्या रजयांखाली. आज महिनाभरानं मी पोटभर जेवले.

आता आईला खुशाल नेते संग्रहालयात. रविवारी नेते. बघू दे तिला चरखे आणि पळ्या. झग्याचं तिला कधी कळणारही नाही, आणि वेळ येईल तेव्हा मी तो बाहेर काढीन. तुझी चूक मी निस्तरली आहे. आभार मानायला विसरू नकोस.

पारास्का


सिफ्टन
२० ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आत्ता मिळालं. झगा परत नेऊन ठेव. आई तिथे जायच्या आत ठेव. गेली असेल तर मला माहीत नाही काय करायचं.

निळ्या पोशाखाचं मी खोटं लिहिलं होतं. मला चांगलं माहीत होतं कुठला कशासाठी आहे. आईनं स्वतः पेटीच्या तळाशी हात घालून काढून दिला तो. डार्लीनला नाही, माझ्या हातात. म्हणाली, "हिच्याकडे दे, आणि पारास्काला सांगू नकोस."

बाकीचं मला लिहिता येत नाही.

स्लावका


विनिपेग
२३ ऑगस्ट

स्लावका,

तुझी चिठ्ठी काल बुधवारी आली. आम्ही रविवारी जाऊन आलो होतो. तेव्हा काय झालं असेल ते तू ओळखलंच असशील.

आई बरी आहे. आत्ता अंगणात बसून वासिलच्या काकड्यांना नावं ठेवतेय. मी स्वयंपाकघरातून लिहितेय आणि मधूनमधून खिडकीतून तिच्याकडे बघतेय.

रविवारी तिनं मोठा फुलांचा रुमाल बांधला. संग्रहालयात गेल्यावर मी म्हटलं, आई बघ, चरखा. तिनं चरख्याकडे बघितलं नाही. आई बघ, आपल्यासारखं दगडी जातं. नाही बघितलं. काठी टेकत सरळ निघाली, जशी काही रोज येते तिथे. दुसऱ्या खोलीत गेली आणि त्या बाहुलीसमोर थांबली. उघडी बाहुली, पांढऱ्या कापडाची, अंगावर काही नाही.

"कुठाय?" म्हणाली.

मला नाही विचारलं. डार्लीनला विचारलं. डार्लीननं माझ्याकडे बघितलं.

"कुणी नेला? रात्री कुलूप लावत नाही तुम्ही?" आईचा आवाज चढला. मग तिनं एका हातानं कपाटाची कड धरली, दुसरा छातीवर. मी धावले, बाटली काढली, गोळी तिच्या जिभेखाली घातली. तिनं ती थुंकली.

"गोळी नको. झगा कुठाय?"

"माझ्याकडे आहे, आई. सुखरूप आहे. मी परत आणला तुझ्यासाठी."

अगं, मला वाटलं ती आता माझा हात धरून रडेल, आशीर्वाद देईल. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "तूच. तूच करणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर तुला सांगायचं नव्हतं." बाकावर बसवली तिला. डार्लीन पाणी घेऊन आली. आईनं पेला परत दिला आणि तिला म्हणाली, "पोरी, ऐक. मी मेल्यावर कुणी मागायला आलं तर द्यायचा नाही. विशेषतः ही."

घरी आल्यावर मला रजया उपसायला लावल्या. झगा मांडीवर घेऊन पलंगावर बसली. गळ्यापाशी ते पांढरे टाके आहेत ना, त्यांवरून अंगठा फिरवला.

"खिळा नव्हता," म्हणाली.

मी म्हटलं, "कुठला खिळा?"

"गाडीत कुठेच खिळा वर आलेला नव्हता. तुझ्या बापानं स्वतः बनवली होती ती गाडी. हात चांगला होता त्याचा सुतारकामात."

मी विचारलं, "मग फाटला कशानं?"

"हातानंच. लोक अजून अंगणात नाचत होते. मग मी शिवला आणि परत जाऊन नाचले. आणि तो दर लग्नात गोष्ट सांगायचा, आणि मी हसले नाही की घरी गेल्यावर..." पुढे मी किती विचारलं, बोलली नाही. म्हणाली, "तू चौदाव्या वर्षी शहरात धुणीभांडी करायला गेलीस. तू सुट्टीला यायचीस तेव्हा तो वाजवायचा, गायचा. तुला तो बाप मिळाला. राहू दे तुझ्याजवळ."

मी म्हटलं, "आई, पण तिथे ते तुला कसे ओळखतील?"

तर म्हणते, "त्याच्या शेजारी झोपवाल तिथे झोपवा. दगडावर माझं नाव तुम्ही दोघींनी आधीच कोरून ठेवलंय, त्याला आता काय करणार. पण त्यानं मला ओळखता कामा नये, पारास्का. मला निळ्यात जाऊ दे. तो म्हणेल ही कुणी दुसरीच बाई, आणि तोंड फिरवेल. बस."

दगडावर नाव कोरायची कल्पना माझी होती. तू तेव्हाही गप्प होतीस. मी म्हटलं होतं, बघ, आईला किती बरं वाटेल. तू म्हणालीस, गहू पिवळा पडायला लागलाय.

आता मला काय झालंय ते सांगते. बैठकीत बाबांचा फोटो आहे, मांडीवर त्सिम्बाली, हसतायत. सोमवारी धूळ पुसायला गेले आणि मला हात लावता येईना. काढताही येईना. वासिल म्हणतो, तुला बरं नाही का, सूप खारट होतं. मी त्याला काही सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. हान्या रोज विचारते, झगा मिळाला ना, आता सुटलीस. सगळ्या मंडपाला माहीत आहे की पारास्कानं आईचे मरणाचे कपडे सोडवून आणले. पाद्रीबुवांनी माझी पाठ थोपटली, स्लावका. आता तो परत काचेत दिसला तर मी काय सांगू? आणि आईला शवपेटीत कॅटलॉगच्या निळ्या पोशाखात बघून लोक काय म्हणतील? ते म्हणू देत. लोकांचं मी बघून घेईन, त्यांची तोंडं बंद करता येतात मला.

पण तो माझा बाप आहे. माझ्यासाठी तो खिशात साखरेचे खडे ठेवायचा. एका संध्याकाळच्या एका फाडलेल्या झग्यावरून मी त्याला कायमचा तिथे एकटा उभा करून ठेवू का, वाट बघत? की एक संध्याकाळ नव्हतीच ती? आई सांगत नाही. ती म्हणते, दे तो परत, आणि विषय संपव. मला अर्धं माहीत असताना नाही देता येणार. आणि ठेवताही येणार नाही.

तू घरात होतीस. मी शहरात गेले तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि बाबांच्या शेवटच्या दिवसापर्यंत तू त्याच घरात होतीस. तू काय बघितलंस? तुझ्या प्रत्येक पत्रात आधी पाऊस आणि कांदे का असतात हे मला आता थोडं थोडं कळतंय. पण आता नाही चालणार. ‘लिहिता येत नाही’ म्हणून नाही चालणार. मला तरी कुठे नीट लिहिता येतं?

आई शनिवारी, एक तारखेला, परतीच्या बसमध्ये बसणार. बसायच्या आधी तिला स्वतःच्या डोळ्यांनी तो झगा कपाटात गेलेला आणि कुलूप लागलेलं बघायचंय. डार्लीनला मी सांगितलंय, शनिवारी सकाळी येते, झगा घेऊन तरी नाहीतर नुसती तरी.

तेव्हा शुक्रवार, एकतीस ऑगस्ट. त्या दिवशीच्या टपालात तुझं पत्र हवं. फोन करू नकोस, लायनीवर लोक असतात. जे बघितलंस ते लिही, सगळं, पहिल्या ओळीपासून. हवामान लिहू नकोस.

पारास्का